दोन बोटं खाली

चांगुणा दोंदे आडगाव नाक्यावर ट्रकचे पाटे बसवायची. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. सगळा माल त्यांच्यावर तोललेला असतो. एक पट्टी तुटली की ट्रक त्या अंगाला कलतो आणि ड्रायव्हरला रस्ताभर स्टिअरिंग ओढून धरावं लागतं. नाशिकात हे काम कुणी बाई करत नव्हती. चांगुणानेही ते ठरवून घेतलेलं नव्हतं.

तिचं माहेर ओझरचं. वडील झिपरू विमानाच्या कारखान्यात अवजारांच्या कोठीवर मदतनीस होते. कारखान्यातून बाद झालेलं एक व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचं अवजार, त्यांनी साहेबाला विचारून घरी आणलं होतं. चार पोरींमधली ही तिसरी. तिला ते वापरायला आवडायचं. बांगडी, पेन्सिल, भाकरीची जाडी, काहीही मोजायची. दहावीत गणितात पास झाली आणि इंग्रजीत गेली. मग एकोणिसाव्या वर्षी फुलेनगरातल्या नवनाथ दोंदेशी तिचं लग्न झालं. नवनाथ पाट्यांच्या दुकानात घण मारायचा. तीन वर्षांनी त्याने आडगाव नाक्यावर स्वतःचं दुकान टाकलं. पत्र्याचं छप्पर, एक भट्टी, दोन कामगार, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो.

चौऱ्याण्णव साली पाटा सरळ करताना पोलादाची कपची उडून नवनाथच्या उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा काढून टाका, नाहीतर दुसऱ्यालाही धोका आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवनाथ तयार झाला नाही. पाच महिन्यांनी डाव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं. वर्षाच्या आत दोन्ही डोळे गेले. याबद्दल तो पुढे फार बोलला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ऐकायला पायजे होतं."

दोन कामगारांपैकी एकाने लगेच दुसरीकडे काम धरलं. दुसरा राहिला, पण आळशी होता. चांगुणा दुपारी डबा घेऊन यायची, ती संध्याकाळपर्यंत थांबायला लागली. आधी नुसती मापं घ्यायची. चाकाच्या मधोमधपासून वरच्या पंख्याच्या, म्हणजे मडगार्डच्या, कडेपर्यंत टेप धरायची, दोन्ही बाजूंचा आकडा खडूने पंख्यावर लिहायची. आकडे सारखे होईपर्यंत ट्रक सोडायची नाही. ड्रायव्हर लोकांना ही कटकट वाटायची. पण तिने सोडलेला ट्रक सरळ चालायचा, हेही त्यांच्या लक्षात आलं. दुसरा कामगार गेला तेव्हा तिने साडीवर नवनाथचा जुना शर्ट चढवला आणि घण हातात घेतला. नवनाथ बाकड्यावर बसून ऐकायचा. घणाच्या आवाजावरून पाटा तापला आहे की गार झाला आहे, हे त्याला समजायचं. "थांब, परत भट्टीत घाल," एवढंच तो म्हणायचा.

दोन हजार सालाच्या आसपास मुंबईकडे जाणाऱ्या नव्या आरामबस नाक्यावर यायला लागल्या. त्यांना मागच्या चाकांवर पाटे नव्हते. रबराचे मोठे फुगे होते आणि त्यात हवा भरलेली असायची. मेकॅनिक त्यांना बलून म्हणत. एका बसचा मागचा भाग सारखा खाली बसायचा. मालक तीन ठिकाणी फिरून तिच्याकडे आला. बलून फाटलेला नव्हता. चांगुणा खाली शिरली, तेव्हा तिला चाकाच्या आसाशी जोडलेली एक बारीक सळई दिसली. सळईचं वरचं टोक हवेच्या व्हॉल्व्हला होतं. बस वजनाने खाली गेली की सळई व्हॉल्व्हची दांडी वर ढकलायची आणि हवा आत यायची. बस जास्त वर गेली की हवा बाहेर. सळई वाकली होती, म्हणून व्हॉल्व्हला बस उंच आहे असं वाटत होतं. तिने सळई सरळ केली. बस वर आली. तिला एवढं कळलं, की गाडीची उंची हवेवर नसते, हवेला ती सांगणाऱ्या सळईवर असते.

दोन हजार सहाच्या जुलैत सटाण्याचे कांदा व्यापारी समाधान देवरे तिच्याकडे आले. त्यांची गाडी परदेशी होती, मुंबईतल्या कुणाकडून वापरलेली घेतलेली. मोठी, काळी, सात माणसांची. चारी चाकांवर हवा. आत एक बटण होतं. ते दाबलं की उभी गाडी थोडी खाली बसायची, चढायला सोपं व्हावं म्हणून.

"ताई, अजून चार बोटं खाली घ्यायची आहे," समाधान म्हणाले.

"कशापायी?"

"आईसाठी. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं. गुडघा कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. बटण दाबूनही सीट तिला उंच पडते."

"स्टूल ठेवून बघितलं का?"

"बघितलं. एका लग्नात स्टूल सरकलं. पडली नाही, पण आता स्टुलाचं नाव काढू देत नाही. आम्ही दोघं भाऊ उचलून बसवतो म्हटलं तर ओरडते."

मुंबईतल्या गॅरेजवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, की कॉम्प्युटरमध्ये जेवढी उंची भरली आहे त्याच्या खाली गाडी जात नाही, आणि जाऊही नये. नाशिकातल्या एकाने हवा काढून लोखंडी स्प्रिंगा टाकायचा सल्ला दिला. आरामबसच्या मालकाने चांगुणाचं नाव सांगितलं म्हणून ते इथे आले होते.

चांगुणाने पुढच्या चाकाआड बॅटरी धरून पाहिलं. बसमध्ये होती तशीच सळई होती, फक्त लहान, वितीपेक्षाही लहान. वरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या जागी काळी डबी होती आणि तिच्यातून कॉम्प्युटरकडे वायर जात होती.

"आईंना घेऊन या," ती म्हणाली.

"तिला कशाला? माप मी देतो ना."

"बसणार कोण हाय?"

दोन दिवसांनी भागुबाई आल्या. सत्तरीकडे झुकलेल्या, उंचीने ठेंगण्या, हातात चार पायांची काठी. पुढच्या सीटवरून उतरताना समाधानने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. मग दार धरून, चांगला पाय आधी टेकवत, खूप वेळ घेऊन उतरल्या. नवनाथने बाकड्यावर जागा करून दिली. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तुन्हा नवराले दिखत नही का?"

"नाय मावशी. बारा वर्षं झाली."

"मंग दुकान तू चालाडस?"

"दोघं चालवतो."

भागुबाईंनी मान हलवली. त्यांचा नवरा गेला तेव्हा समाधान नऊ वर्षांचा होता. कांद्याची आडत पुढची पंधरा वर्षं त्यांनीच चालवली होती. हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही, समाधानने सांगितलं. ते सांगत असताना त्या दुसरीकडे बघत होत्या.

चांगुणाने त्यांना काठी धरून उभं केलं आणि सुतळीने मापं घेतली. जमिनीपासून गुडघा, जमिनीपासून कंबर, आणि पाय न दुखता जेवढा उचलेल तेवढी उंची. त्या उंचीला तिने सुतळीत गाठ मारली. मग तीच सुतळी गाडीच्या उंबऱ्याला आणि सीटच्या कडेला लावून पाहिली.

"दोन बोटं कमी पडत्यात," ती म्हणाली. "चार नाय. दोन."

"चारच घ्या ना," समाधान म्हणाले. "तिला आणखी सोपं होईल."

"चार घेतली तर चाक वर घासल. तुमची गाडी रस्त्यावर बी चालायची हाय ना?"

भागुबाई बाकड्यावरून म्हणाल्या, "ती म्हनस ते ऐक. माले कोनी उचलानं नही, बस. मी काय कांदास्नं पोतं शे का?"

काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. चांगुणाला चार नव्या सळया करायच्या होत्या, दोन्ही टोकांना आटे पाडलेल्या, म्हणजे फिरवून लहान-मोठ्या करता येतील. सळई आखूड झाली की डबीची दांडी खाली ओढली जाणार. गाडी आहे त्यापेक्षा उंच आहे असं कॉम्प्युटरला वाटणार आणि तो आपणहून हवा सोडणार. आत काही खोलायचं नव्हतं. वायर तोडायची नव्हती.

गाडीखाली शिरण्याआधी तिने जॅकने गाडी उचलून चारी बाजूंना लाकडाचे जाड ठोकळे सरकवले आणि जॅक काढला; गाडी हवेवरच उभी होती, ठोकळे तळापासून थोडे खाली, आधाराला. ट्रकला ती लोखंडी घोड्या लावायची, पण या गाडीखाली घोड्या बसत नव्हत्या. मागच्या दोन सळया झाल्या. पुढची डावी बसवताना ती छातीपर्यंत आत होती. समाधान बाहेर उभे होते. त्यांचा फोन गाडीत वाजला. त्यांनी दार उघडलं, सीटवर बसले आणि सवयीने किल्ली फिरवली.

गाडीला तिची उंची चुकीची वाटली असावी. चारी बाजूंनी हवा सुटली.

तो आवाज मोठा नव्हता. रस्त्यावरच्या ट्रकच्या गोंगाटात समाधानला तो ऐकूही आला नाही. नवनाथ बाकड्यावरून उठला.

"चांगुणा, बाहेर ये. हवा सुटली."

ती बाहेर यायच्या आत गाडी ठोकळ्यांवर बसली. एक ठोकळा करकरला, तडकला, पण टिकला. गाडीचा तळ तिच्या छातीपासून चार बोटांवर थांबला होता. ती आडवी सरपटत बाहेर आली. शर्टाचं एक बटण तुटून आतच राहिलं.

समाधानचा चेहरा पांढरा पडला होता. "मला कळलंच नाही," ते परत परत म्हणत होते.

चांगुणा आधी पाणी प्यायली. मग तिने त्यांच्यापुढे हात केला. "किल्ली द्या."

किल्ली तिने नवनाथच्या खिशात ठेवली. "मी म्हणल्याबिगर द्यायची नाय." नवनाथने खिशावर हात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तो काढला नाही. तिने ठोकळे बदलले, लोखंडाच्या चॅनेलचे तुकडे कापून त्यांच्याखाली लावले आणि ती परत गाडीखाली गेली.

पुढचे दोन दिवस सळया आट्याआट्याने फिरवण्यात गेले. एक चाक बरोबर झालं की दुसरं बिघडायचं. गाडी एका कोपऱ्यात खाली आली की बाकीचे तीन कोपरे स्वतःला सावरून घ्यायचे. ट्रकचा पाटा असं करत नाही. तो असतो तसा असतो. इथे चार डब्या एकमेकींशी बोलत होत्या आणि चांगुणाला त्यांचं बोलणं कळायचं होतं. ती दर वेळी बाहेर यायची, किल्ली मागून घ्यायची, इंजिन चालू करायची, गाडी स्थिर होईपर्यंत थांबायची, चारी पंख्यांवर खडूने आकडे लिहायची, किल्ली परत द्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी चारही आकडे एक झाले. सुतळीची गाठ उंबऱ्याला बरोबर लागली.

भागुबाई आल्या. समाधानने बटण दाबलं. गाडी खाली बसली. भागुबाईंनी काठी दाराला टेकवली, आधी पाठमोऱ्या होऊन सीटच्या कडेवर बसल्या, मग एकेक पाय आत घेतला. कुणी हात लावला नाही. सगळ्याला मिनिटभर लागलं असेल. आत बसून त्यांनी पदर सारखा केला.

"आते बरं शे," त्या म्हणाल्या.

चांगुणाने समाधानला बजावलं. रस्त्यावर गतिरोधक आला की गाडी वर घ्यायचं दुसरं बटण दाबायचं, कारण नेहमीची उंचीही आता दोन बोटं उतरली आहे. मागे पाच माणसं बसवायची नाहीत. काही आवाज आला तर लगेच यायचं.

ते आले तीन महिन्यांनी, दसऱ्यानंतर, आणि रागाने आले. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने झिजून तारा दिसायला लागल्या होत्या. बाहेरची बाजू नव्यासारखी होती.

"सात हजार किलोमीटर पण झाले नाहीत," ते म्हणाले. "मुंबईवाले हेच सांगत होते. नको त्याला हात लावलात म्हणाले."

चांगुणा वाकून टायर बघत राहिली. गाडी खाली आली तेव्हा चाकं वरून आत झुकली होती. केसाएवढंच, पण झुकली होती. तिने उंची चार ठिकाणी मोजली होती. चाकाचा कल मोजलाच नव्हता. ट्रकच्या पुढच्या आसाला तशी वेळ येत नाही, त्यामुळे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"चूक माझी हाय," ती म्हणाली.

समाधान भांडायच्या तयारीने आले होते. तेही टायरपाशी वाकले. "मग आता परत वर घ्यायची का?"

"आईंना विचारलं का?"

त्यांनी विचारलं नव्हतं. चांगुणा त्यांच्याबरोबर गाडीत बसून सातपूरला गेली. तिथे चाकांचा कल मशिनवर दुरुस्त करत. तिथल्या माणसाशी ती तासभर बोलली. मशिनचा पडदा इंग्रजीत होता. तिने आकडे वाचले आणि कुठला आकडा कशाचा ते एकेक करून विचारलं. पुढे दोन ठिकाणी जाड वॉशर टाकावे लागले. चाकं सरळ झाली. टायर तिने स्वतःच्या खर्चाने घेऊन दिले. समाधान नको म्हणाले, पण तिने ऐकलं नाही. घरी नवनाथला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला बी आवाज आला नाय त्याचा." ती म्हणाली, "त्याला आवाज नसतो."

भागुबाईंची गाडी नाशिकात दवाखान्याच्या दारात बसते आणि उठते, हे लोकांनी पाहिलं. दोन-चार जण तिच्याकडे आले. बहुतेकांना म्हाताऱ्या माणसांसाठी नको होतं. गाडी खाली असली की रुबाब येतो, एवढंच त्यांना हवं होतं. गंगापूर रोडच्या एका बिल्डरचा पुतण्या, महेश नावाचा, नवी कोरी गाडी घेऊन आला.

"जमिनीला चिकटवायची," तो म्हणाला.

"किती?"

"जाईल तितकी."

चांगुणाने त्याच्या गाडीत चार माणसं बसवली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि त्याला खाली वाकून बघायला लावलं. चाक आणि पंखा यांच्यात तीनच बोटं मावत होती.

"हितून दोन बोटं जातील. त्याच्या खाली मी नाय करत."

"दुसरीकडे चार करून देतात."

"मग तिकडं जा."

तो गेला. पुढे त्याचं काय झालं ते चांगुणाला कळलं नाही, आणि तिने चौकशीही केली नाही. जे दोन बोटांवर तयार होते त्यांचं काम तिने केलं, आणि प्रत्येक गाडी सोडण्याआधी सातपूरला पाठवली. वर्षाकाठी पाच-सहा गाड्या. बाकी सगळा वेळ ट्रकचे पाटेच होते.

दोन हजार आठ साली तिची मुलगी पायल बारावीला बसली. त्याच उन्हाळ्यात समाधान दुकानात आले आणि म्हणाले, "आई म्हणते, तुम्हा दोघांना सटाण्याला घेऊन ये. लिलाव दाखवायचाय तिला." बुद्धपौर्णिमेला दुकान बंद असायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही चांगुणाने बंद ठेवलं. पायल घरी थांबली.

गाडी देवळ्यावरून सटाण्यात शिरली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. बाजार समितीच्या आवारात कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे होते. भागुबाई आधीच येऊन थांबल्या होत्या. समाधानने गाडी त्यांच्यापाशी आणली. चांगुणा आणि नवनाथ मागच्या सीटवर होते. भागुबाई पुढे बसल्या.

"नवनाथभाऊ, चांगलं बठ," त्या मागे न बघता म्हणाल्या.

लिलाव पुढे सरकत होता, तशी गाडीही हळूहळू रांगेकडेने सरकत होती. एका ट्रॅक्टरपाशी भागुबाईंनी हात वर केला. समाधानने गाडी थांबवून बटण दाबलं. गाडी बसली. भागुबाई उतरल्या, काठी टेकत ट्रॉलीपाशी गेल्या, ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा काढला. बोटाने साल सोलली, वास घेतला, दाबला. पलीकडच्या व्यापाऱ्याने भाव पुकारला होता. भागुबाईंनी त्याच्यापेक्षा वरचा भाव पुकारला. तो थांबला नाही, त्याही थांबल्या नाहीत. आजूबाजूचे लोक गाडीकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते.

चांगुणाने खिडकीतून पाहिलं. नवनाथने विचारलं, "काय करत्यात?"

"भाव करत्यात."

"मिळाला का?"

"थांब."

पलीकडचा व्यापारी मान हलवून पुढच्या ट्रॉलीकडे गेला. शेतकऱ्याने भागुबाईंना नमस्कार केला. त्या परत आल्या, पाठमोऱ्या सीटवर टेकल्या, पाय आत घेतले आणि हाताला लागलेली कांद्याची साल झटकली.

"चाल, समाधान," त्या म्हणाल्या. "तो फुडला माल पाह्यना शे."